जासूदाची घंटी

७ जानेवारी

खटपट्या,

तुझ्या कंपनीकडे मी रीतसर तक्रार पाठवली होती. उत्तर आलं, 'प्रिय ग्राहक, आपली सूचना आमच्यासाठी मोलाची आहे.' तुला पायांवर घेऊन अंघोळ घातली, साबण डोळ्यांत गेला म्हणून तू आळी डोक्यावर घेतलीस तेव्हा गाणी म्हणून गप्प केलं, आणि आज मी प्रिय ग्राहक झाले. म्हणून हे पत्र घरच्या पत्त्यावर. शाईत छापून पाठवते आहे, कारण तुला डोळ्यांनीच वाचायची सवय आहे. एवढी सवलत मी डोळसांना देते.

मी माफी मागायला लिहीत नाही, हे आधीच सांगते. तू मागावीस म्हणूनही नाही. तुझ्या कंपनीच्या त्या समारंभात तू माझा होकार नसताना भरल्या सभागृहाला सांगितलंस की ताई आता नोकरी सोडून आरामात राहणार, आणि मग माझ्या हातात माइक देऊन म्हणालास, दोन शब्द बोल. माझ्या हातात माइक देणाऱ्याने दोन शब्दांची आशा धरू नये, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? मी म्हटलं, जासूद हा प्रोग्राम मला कामाला लावण्यासाठी जन्मला, मला घरी बसवण्यासाठी नाही. टाळ्या खूप पडल्या. त्यांत तुझ्या नव्हत्या. तुझी टाळी मला ओळखू येते. तेव्हापासून तू बोलत नाहीस.

पण लिहितोस. जासूदाची नवी आवृत्ती आली की तिच्याबरोबर 'नवीन काय' असं एक पान येतं. ते तूच लिहितोस, कारण 'किरकोळ डागडुजी' असं सॉफ्टवेअरबद्दल बोलणारा दुसरा माणूस या पृथ्वीवर नाही. तो बाबांचा शब्द. ती पानं मी तुझी पत्रं म्हणून वाचत आले.

या वेळचं पान वाचताना बोटं मध्येच थांबली.

नवी आवृत्ती मी माझ्या टेबलावर जुनीच्या जोडीला लावून पाहिली. आधी चांगलं सांगते, नाहीतर म्हणशील ताई उठल्यासुटल्या लढते. फाइल पाठवताना तुटली तर आता ती जिथे तुटली तिथून पुढे जाते, हे उत्तम. परवा वीज गेली आणि इतिहासाचं पुस्तक अर्ध्यात अडकलं. वीज आल्यावर राहिलेलं अर्धंच गेलं. पाठ थोपटते. पाच फाइली एकदम जातात, तेही झकास. रंगीत टॅबांशी मला देणंघेणं नाही, पण कोणाला तरी आवडत असतील.

मग तू लिहितोस, 'घंटीऐवजी आता पडदा हलकेच लुकलुकतो, त्यामुळे कार्यालयात शांतता राहते.' अरे, मी लुकलुक कशाने बघू? कोपराने?

आणि ते घड्याळ. पडद्याच्या तळाशी तू एक पट्टा लावलास आणि त्यात सेकंदासकट वेळ. माझ्या कीबोर्डाखालची ब्रेल पट्टी तू पाहिली आहेस. पडद्यावर जी ओळ बदलते, ती माझ्या बोटांखाली ठिपक्यांत उमटते. जुन्या जासूदात छापखान्याच्या तळघरातलं यंत्र काही बोललं तरच ओळ बदलायची. आता दर सेकंदाला घड्याळ बदलतं आणि पट्टी बिचारी दर सेकंदाला तिकडे धावते. मी वाचते, 'बेडकाच्या हृदयाला कप्पे', आणि किती ते कळायच्या आत बोटांखाली अकरा वाजून सतरा मिनिटं.

आमच्या छापखान्याला नवे साहेब आले आहेत. भला माणूस, पण नव्याचा भक्त. मी त्यांना समजावलं की पुस्तकांचे ठिपके पाडणारी यंत्रं तळघरातल्या म्हाताऱ्या संगणकाचं ऐकतात, त्याला माउस माहीत नाही की चित्रं माहीत नाहीत, त्याच्याशी लिहूनच बोलावं लागतं. जासूद माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला त्या म्हाताऱ्याच्या काळातलं टर्मिनल, म्हणजे नुसता पडदा आणि कळा, असल्याचं सोंग आणायला लावतो आणि पुस्तकांच्या फाइली खाली पोचवतो. ते म्हणाले, 'हो ना बाई, मग नव्याने तर ते जास्त छान होईल.' एक फेब्रुवारीपासून सगळ्या टेबलांवर नवी आवृत्ती, जुनी पुसून टाकणार. दोन आवृत्त्या सांभाळणं म्हणजे डोकेदुखी, असं त्यांचं म्हणणं.

म्हणून मागणी दोनच. घंटी परत दे, आणि घड्याळ गप्प बसवायची सोय दे. हे टेबल माझं आहे आणि ते मला राखायचं आहे.

बाकी इकडे सगळं ठीक.

ताई


२३ जानेवारी

खटपट्या,

तुझं पत्र पोचलं. शाईचं.

पाकीट हातात घेतल्यावर मी कागदावरून बोट फिरवलं. गुळगुळीत. वाटलं, आत दुसरा कागद असेल. नव्हता. मग ते मला साहेबांकडून वाचून घ्यावं लागलं, कारण आमच्या मजल्यावर त्या वेळी डोळे असलेला तोच एक माणूस हजर होता. तू जे माझ्या एकटीसाठी लिहिलंस ते माझ्या वरिष्ठांनी मोठ्याने वाचलं, आणि शेजारच्या टेबलावर आमच्या मामांनी ऐकलं. मामा तुला आठवत असतील. छापून आलेला प्रत्येक कागद बोटांनी तपासणारे, तुला 'काय रे डोळस' म्हणून हाक मारणारे.

साहेब वाचत गेले, 'ताई, सगळ्यांसाठी बनवताना एकेकाची सोय बघता येत नाही. तुझ्यासारखं वापरणारे असे किती असतील? तू आता थांब. तुला काही कमी पडू देणार नाही.' 'थांब'पाशी ते खोकले. मग कागदाची घडी घालत म्हणाले, भावाला तुमची काळजी आहे हो बाई. मी म्हटलं, काळजी बसल्या जागी करता येते साहेब, म्हणून लोकांना आवडते.

मामा इतकंच म्हणाले, 'पोरगा हुशार होता. काय झालं त्याला?'

आता माझं ऐक. आणि हे भाषण आहे असं म्हणून पान उलटू नकोस.

किती असतील, हा तुझा प्रश्न. माझ्या गल्लीत रस्त्यावर दिवे आहेत. मला त्यांचा आजवर कणभर उपयोग झालेला नाही, पण त्यांचा कर मी भरते. दर वर्षी भरते, कुरकुर न करता. गल्लीत डोळस किती राहतात याची शिरगणती करून मग दिवे लावा, असं मी कधी म्हटलं का? तुम्ही अंधारात धडपडू नये म्हणून मी पैसे देते आणि माझ्या टेबलावर एक घंटी वाजावी म्हणून मला आकडा सिद्ध करावा लागतो. हा कुठला न्याय? 'सगळ्यांसाठी' हा शब्द फार मोठा आहे रे. ज्यांनी तो माणसांना वगळण्यासाठी वापरला अशा लोकांनी इतिहासाची पानं भरली आहेत, आणि ती पानं मी स्वतः म्हाताऱ्याकडे पाठवून छापून घेतली आहेत. तुझ्या सगळ्यांत मी मावत नसेन तर सरळ 'बहुतेकांसाठी' असं लिही. ते निदान खरं होईल.

आणि घंटी काय माझ्या एकटीची होती? हिशेबनिसांच्या टेबलावर जासूद आला तेव्हा त्या बाई म्हणाल्या होत्या, हे बेस झालं, फाइल लावून चहाला जाता येतं. घंटी वाजली की कप खाली ठेवून परत. त्यांचे दोन्ही डोळे शाबूत आहेत.

तू कॉलेजात होतास. मला इथे नोकरी लागली आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की तळघरातलं यंत्र काय म्हणतं ते मला दुसऱ्याला विचारावं लागणार. तू सुट्टीत आलास, छापखान्याच्या पॅसेजमध्ये बाकावर बसलास आणि विचारलंस, 'ताई, तुला काय काय कळायला हवं?' मी म्हटलं, कोण आलं, काम झालं का, आणि काही बिघडलं का. एवढ्या तीन गोष्टी कळल्या की माणूस कुठेही मालकासारखा बसू शकतो. तू तीन घंट्या केल्यास. काम झालं की एक लांब. बिघडलं की तीन घाईच्या. आणि यंत्राशी जोडणी झाली की दोन लागोपाठ, मग थांबून एक. ती तू कुठून घेतलीस हे मी तेव्हा बोलले नाही. तूही बोलला नाहीस. आपल्या घरात अशी बोलायची पद्धत नव्हती.

तो प्रश्न विचारणारा पोरगा कुठे आहे, एवढं कळव. कळवताना शाई वापरू नकोस.

ताई


१४ फेब्रुवारी

खटपट्या,

तू काही कळवलं नाहीस, तरी मी लिहिते. यात मागणी नाही, बातमी आहे.

जुना जासूद एक तारखेला पुसला गेला. नवा तेवढा उरला. घड्याळाशी मी जुळवून घेतलं. पट्टी पळाली की तिला कळ दाबून परत ओढून आणायची, पुन्हा पळाली की पुन्हा ओढायची. खोडकर पोराला फिरायला नेल्यासारखं. जमत होतं.

मग भूगोलाचं पुस्तक आलं. शाळेला वेळेवर हवं होतं. फाइल लावली, एंटर दाबलं, काही घडलं नाही. घंटी नाहीच, तेव्हा घडलंय की नाही कळणार कसं? वाटलं, कळ नीट दाबली गेली नसेल. पुन्हा एंटर. फाइल गेली.

खरं तर पहिल्या एंटरला तुझ्या जासूदाने पडद्याच्या मधोमध एक चौकोन उघडून विचारलं होतं, 'या फाइलीत अदृश्य चिन्हे आढळली. गाळू का?' चौकोन ही ओळ नसते, चित्र असतं, म्हणून तो पट्टीवर उमटला नाही. आणि दुसरं एंटर म्हणजे 'हो'. ती अदृश्य चिन्हं म्हणजे आमच्या पानांच्या शेवटाच्या खुणा. त्या गेल्या आणि सगळी पानं एकमेकांत वाहत गेली. धडे मध्येच सुरू, पानांचे आकडे कुठल्या कुठे.

मामांनी पहिला गठ्ठा तपासायला घेतला आणि शांतपणे हाक मारली, 'पोरी, इकडे ये. तुझं वाळवंट थेट समुद्रात घुसलंय.'

मी हसले. तेही हसले. मग ते कागद ढकलून बसून राहिले, कारण एव्हाना यंत्रांनी सगळं पुस्तक ठोकून काढलं होतं. आमचा कागद जाड, महाग. ढीग माझ्या खांद्याएवढा झाला होता. मी हात लावून पाहिला.

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, रागावणाऱ्याशी मला भांडता येतं. ते म्हणाले, 'बाई, तुमची चूक नाही, पण.' आणि 'पण'च्या पुढे काही बोललेच नाहीत. दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची बांधणीत गेली.

तेव्हा सध्या मी बांधणी विभागात बसते. तात्पुरतं, असं म्हणतात. मार्चअखेर टेबलांच्या नेमणुका पक्क्या होतील. तोवर मला परत जाता आलं नाही तर ते टेबल कायमचं दुसऱ्याचं. हे मी तुला कळवणार नव्हते. तू म्हणशील, बघ, मी सांगितलं होतं थांब म्हणून. म्हण.

बांधणीचं काम वाईट नाही. पानं लावायची, कडा टेबलावर ठोकून एकसारख्या करायच्या, भोकं पाडायची, प्लॅस्टिकचा कणा ओवायचा. बायका गप्पिष्ट आहेत. मला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, तुमचं भाषण दुपारच्या सुट्टीत ठेवू, आत्ता हात चालवा. हात चालवते. पण इथे पुस्तक माझ्याकडे झालेलं येतं. आता कळायला उरलेलं काही नसतं. तिकडे बसून मी तीन गोष्टी जाणून होते. इथे एकही नाही.

माझ्या टेबलावर एक तरुण बसतो. गुणी आहे. गुणगुणतो. ते मला दारापलीकडून ऐकू येतं, आणि मामा त्याला म्हणतात, गाणं बंद कर बाबा, मी गणित वाचतोय.

घरी दाराची विजेची घंटी बिघडली आहे, दाबली की चरचरते. ती तू शेवटची दाबलीस, समारंभाआधी आरामाचा प्रस्ताव घेऊन आलास त्या संध्याकाळी. तोवर तू कधी घंटी दाबली नव्हतीस. लहानपणी खोलीत कोणी चोरपावलांनी आलं की मी दचकायचे, म्हणून तू बाहेरच्या चौकटीवर बोटांनी वाजवायचास, दोन लागोपाठ, मग थांबून एक. कॉलेजातून आलास तरी तेच. त्या संध्याकाळी मात्र दारात कोणी परका उभा असल्यासारखी घंटी वाजली. मी उठता उठता विचारलं, कोण आहे? तुला तो प्रश्न लागला असेल. मला ती घंटी लागली.

वायरमन उद्या येतो म्हणाला आहे.

ताई


३ मार्च

खटपट्या,

तुझ्या कंपनीतून काल फोन आला. एक मुलगी होती. मला म्हणाली, मॅडम, तुम्ही जासूद नेमका कसा वापरता ते आम्हाला समजून घ्यायचंय, थोडा वेळ आहे का? बांधणीतल्या बायका एका सुरात म्हणाल्या, तिला विचार, तुला आहे का.

मी सांगितलं. पट्टीबद्दल, घड्याळाबद्दल, त्या मुक्या चौकोनाबद्दल. ती शहाणी आहे, मध्ये बोलली नाही. बोटांखाली किती अक्षरं येतात, चौकोनातला प्रश्न साध्या ओळीत लिहून विचारला तर तो पट्टीवर येईल का, आणि उत्तर दिल्याशिवाय फाइल हलूच नये असं केलं तर कामाचा खोळंबा होईल का, हे तिने विचारलं. प्रश्न चांगले होते. इतके चांगले, की मला ते ओळखीचे वाटले.

शिवाय तिच्या मागे खोलीत कोणीतरी पेनाचं बटण टकटकवत होतं. उघड, मीट, उघड, मीट. मी घंट्यांबद्दल बोलू लागले तेव्हा ते थांबलं.

मी म्हटलं, 'मुली, तुझ्या मागे जे बसलेत त्यांना सांग, अशाने पेनाची स्प्रिंग आठवड्यात जाते. परीक्षेच्या आदल्या दिवशी दर वेळी नवं पेन मीच आणून द्यायचे.'

ती म्हणाली, 'मागे कोणी नाहीये मॅडम.' खोटं बोलायची तिला सवय नाही, तिची चांगली नोंद घे. फोन तिनेही ठेवला नाही, मीही नाही.

शेवटी तिने विचारलं, अजून काही सांगायचंय का? मला पुष्कळ सांगायचं होतं. तुझ्या मताशी मी अजूनही सहमत नाही, हे. आणि त्या सभागृहात जे बोलले ते आजही तसंच बोलेन, हेही. पण मी म्हटलं, नाही, इतकंच. बांधणीतल्या बायकांनी कामं थांबवून माझ्याकडे पाहिलं असावं, कारण भोकं पाडायच्या यंत्राचा आवाज बंद पडला होता. एकजण म्हणाली, बाई आजारी आहेत का?

ताई


२ एप्रिल

खटपट्या,

नवी आवृत्ती गेल्या आठवड्यात आली. साहेबांनी ती त्याच दिवशी बसवली. नव्याची भक्ती कधी कधी उपयोगी पडते. मला म्हणाले, बाई, या, बसून बघा. मामा बाजूला येऊन उभे राहिले. तो तरुण खुर्ची सोडून उठला आणि त्याने गाणंही थांबवलं.

घड्याळ गप्प. चौकोन नाही, प्रश्न बोटांखाली ओळीत येतो आणि उत्तराची वाट पाहत बसतो. मी मुद्दाम भूगोलाचीच फाइल लावली, 'नाही' लिहिलं, आणि काम झाल्याची लांब घंटी वाजेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसले. मामांनी पहिलं पान, शेवटचं पान आणि मधलं वाळवंट तपासलं. म्हणाले, 'आपल्या जागी आहे. कोरडं ठणठणीत.' साहेबांनी नेमणुकांच्या कागदावर माझ्यासमोर सही केली. पेन कागदावर घासल्याचं मी ऐकलं. टेबल माझं आहे.

पण हे सगळं नंतरचं. त्याआधी, यंत्राशी जोडणी झाली तेव्हा, दोन लागोपाठ वाजल्या, आणि मग थांबून एक. मामा म्हणाले, 'आला का गं डोळस?' मी म्हटलं, अजून नाही.

तुझं पाकीट काल मिळालं. या वेळी कागद खडबडीत होता. 'नवीन काय' हे पान तू स्वतः ब्रेल पाटीवर, सळईने टोचून लिहिलंस. बोट ठेवलं तर एक अक्षर लागेना. मग लक्षात आलं आणि मी इतकी हसले की मामा धावत आले. अरे, पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचायचं असतं, कागद उलटला की ते सरळ होतं. तू डावीकडून सुरुवात केलीस, म्हणजे सगळं पान आरशातलं. सहाव्या वर्षी मी तुला शिकवायला बसवलं होतं, तेव्हाही हेच केलं होतंस, आणि वर मलाच सांगितलं होतंस की तुझी बोटं उलटी आहेत.

आम्ही दोघांनी मिळून ते उलटं वाचून काढलं. घंटी परत आणली. घड्याळ बंद करता येते. प्रश्न ओळीत येतात. किरकोळ डागडुजी. बस, एवढंच. माफी त्यात नव्हती आणि मी ती शोधलीही नाही. पण एका मोठ्या माणसाने इतके ठिपके हाताने टोचायचे म्हणजे बोटाला फोड आलाच असेल. त्यावर खोबरेल तेल लाव, आणि सळई तळहातात दाबून धर, चिमटीत नाही.

वायरमन आला होता. मी त्याला परत पाठवलं. घंटी काढून घेतली आहे आणि भिंतीतलं भोक बुजवलं आहे. आता माझ्याकडे येणाऱ्याला चौकट वाजवावी लागते, आणि ती कशी वाजवायची हे येणाऱ्याला ठाऊक असावं लागतं.

रविवारी मी घरीच असते.

ताई